बुलेट आहेच, आता साठीनंतर कच्च्या रस्त्यासाठी दुसरी गाडी: हलकी घ्यावी का बुटकी?

जुनी_फटफटी
नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

वय ६३, उंची ५ फूट ५ इंच, वजन ६८. राहायला साताऱ्यात. जलसंपदा खात्यातनं निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. घरी १९९२ ची बुलेट आहे, ३५० स्टँडर्ड, उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक, डीकॉम्प्रेसर दाबून अँपियरचा काटा मधी आणायचा आणि मग किक मारायची ती. ती विकायची नाही. एक्स्चेंज ऑफरचं कुणी काढू नये, सौ. नी पण तो विषय १९९८ सालीच सोडलाय.

तर गाव आमचं बामणोलीच्या पुढं. कोयनेच्या पाण्यात खालचं शिवार गेलं, वरचं घर आणि थोडकी जमीन राहिली. महिन्यातनं तीन-चार चकरा होतात. येवतेश्वर, कास, बामणोली इथपर्यंत डांबर आहे, त्याच्यापुढं सहा-सात किलोमीटर जे आहे त्याला रस्ता म्हणायचं का हा वेगळा धागा होईल. सुटा जांभा, लाल चिखल, दोन ओढे, आणि एक चढ असा की वरनं बैलगाडी आली तर कुणीतरी एकानं मागं जायचं. बुलेट इतकी वर्षं नेली. पण ह्या आषाढात दुसऱ्या ओढ्याच्या काठाला गाडी हळूच डाव्या अंगावर झोपली, स्पीड शून्य, मला खरचटलंसुद्धा नाही, पण उचलता येईना. तीनदा जोर लावला, कमरेतनं कळ आली, मग छत्री उघडून दगडावर बसलो. तासा-दीड तासानं एक पोरगं गुरं घेऊन आलं, त्यानं आडवी गाडी एका झटक्यात उभी केली आणि वर विचारतोय, आजोबा, घरात दुसरं कोण न्हाय का?

ते वाक्य अजून कानात आहे.

म्हणून दुसरी गाडी. बजेट दोन-सव्वादोन लाख, थोडं ताणता येईल. बघितलेल्या गाड्या: हिमालयन ४५०, एक्सपल्स २०० आणि २१०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स, आणि ती कावासाकीची केएलएक्स २३०. उजवा गुडघा दुखतो (तीस वर्षं किक). लडाखला जायचं नाही. कुणी म्हातारपणी घेतली असेल तर अनुभव सांगा.

येवतेश्वरचा_वारा
काका एक नंबर!! डोळे झाकून हिमालयन ४५० घ्या. ४० पीएस, ४० एनएम टॉर्क, कास चढताना गियरच बदलायला नको. आणि बुलेटवाल्याच्या दारात बुलेटवाल्यांचीच गाडी पाहिजे राव, दुसरी शोभत नाही. नाहीतर मग सरळ केएलएक्स, १३९ किलो, पंख आहे पंख.

खंबाटकी_उतार
डोळे झाकून गाडी घेतली की पुढं डोळे उघडे ठेवून हप्ते भरावे लागतात, एवढंच लिहून खाली बसतो.

पाना_पक्कड
नमस्कार दादा, मी सांगलीचा, विश्रामबागेत पंधरा वर्षं गाड्यांचंच काम करतोय म्हणून चार गोष्टी. कागदावरचे आकडे आधी सरळ करूया. हिमालयन ४५० सगळं पेट्रोल-ऑइल धरून १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिमी. एक्सपल्स २०० फोरव्ही १६० च्या आसपास, सीट तेवढीच ८२५. एक्सपल्स २१० साधारण १७०, सीट ८३०. व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७, सीट ८३५. केएलएक्स १३९ पण सीट ८८०. म्हणजे तुमच्या धाग्याचं नाव जे आहे तेच खरं भांडण आहे, सगळ्यात हलकी घ्यावी तर ती सगळ्यात उंच, आणि पाय टेकतात म्हणून हिमालयन घ्यावी तर ती सगळ्यात जड.

आता हिमालयन आणि एक्सपल्स २०० मधला ३६ किलोचा फरक म्हणजे किती ते शोरूमात कळत नाही. घरात भरलेला गॅस सिलेंडर असतो ना, तो तीसेक किलोचा. तो एका हातात आणि वर पाच-सहा किलो ज्वारीची पिशवी. एवढं जास्तीचं वजन त्या ओढ्यात तुम्ही उचलणार आहात, आणि ते पण भिजलेल्या शर्टात.

सीटच्या आकड्याचं पण असं आहे की तो रिकाम्या गाडीचा असतो. तुम्ही बसला की सस्पेन्शन चार-पाच सेंटीमीटर दबतं, आणि सीट पुढच्या बाजूला निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातो, रुंद असेल तर मांडीतच अर्धी उंची जाते. म्हणून ८२५ ची एक गाडी टेकते आणि ८०० ची दुसरी टेकत नाही असं पण होतं. बूट घालून जाऊन बसा, चपलेवर नको.

येवतेश्वरचा_वारा
पण पाना दादा, गाडी पडेलच असं धरून गाडी कोण घेतं? मग तर चालवायलाच नको.

पाना_पक्कड
भावा, कच्च्या रस्त्यावर गाडी पडतेच. पंचविशीत पडते तेव्हा त्याची रील होते. त्रेसष्टाव्या वर्षी पडते तेव्हा छत्री उघडून बसावं लागतं. काकांनी लिहिलंय ते परत वाच, स्पीड शून्य होता. ह्या वयात पुष्कळ गाड्या अशाच पडतात, थांबताना, वळवताना, उताराच्या बाजूला पाय टाकला आणि खाली जमीनच नाही.

मेढेकरीण
मी लिहू का? वय ५४, उंची ५ फूट २, मेढ्याची, एक्सपल्स २०० फोरव्ही तीन वर्षं चालवतेय. घरात आधी सगळे हसले होते, आता शेजारची पोरं पंप मागायला येतात.

माझा पाय दोन्ही बाजूला टेकत नाही. एकच टेकतो, तो पण अर्धा. पण मी उंचीपेक्षा थांबण्याची जागा शिकले. म्हणजे थांबायच्या आधी दहा-पंधरा फुटांवरच बघून ठेवायचं की कुठली बाजू उंच आहे, दगड आहे का, बांध आहे का, आणि तिथंच थांबायचं, गाडी बंद पडेल तिथं नाही. पहिले दोन महिने फक्त हेच केलं. बसताना पण टांग मारून बसत नाही, साइड स्टँडवर गाडी, डावा पाय फुटरेस्टवर, घोड्यावर बसतात तसं. स्टँडवर ताण येतो हे मान्य, पण माझ्या कमरेवर येत नाही ना. त्यासाठी मागं उंच सामान बांधायचं नाही, नाहीतर पाय त्यालाच अडकून तुम्ही आणि गाडी एकदमच खाली.

आणि एक महत्त्वाचं, कुणी सांगत नाही म्हणून. गेल्या वर्षी केळघरच्या बाजूला आतल्या रस्त्यावर पडले, गाडी पायावर, दुखलं फार नाही पण पाय निघेना. फोन कुठं? टाकीवरच्या बॅगेत. बॅग माझ्यापासनं दोन हात लांब. अर्धा तास नुसती बॅगेकडं बघत पडले होते. तेव्हापासून फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि निघताना घरी सांगायचं की कुठल्या रस्त्यानं चाललेय आणि किती वाजता पोचेन. बामणोलीच्या पुढं तर रेंजचा भरवसा नाही, तुम्हाला माहितच असेल.

जुनी_फटफटी
ताई, हे वाचून फोन आत्ताच शर्टाच्या खिशात टाकला. खरंच उपयोगी. पाना, सिलेंडरचं गणित सौ. ला वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या सिलेंडर पण हल्ली शेजारचा मुलगाच उचलून देतो.

एक अडचण लिहायची राहिली. गेल्या महिन्यात भाच्याची नवी गाडी कासपर्यंत नेऊन बघितली. येवतेश्वरच्या घाटात वळणावर माकडं आडवी आली आणि माझा डावा पाय आपोआप खाली गेला. बुलेटचा ब्रेक तिथं आहे ना. इथं तिथं गियर. गाडी एक गियर खाली पडून अशी हिसकली की मागचं चाक फरफटलं. वाचलो, माकडं पण वाचली. पण तीस वर्षांचा पाय एका दिवसात कसा बदलणार? दोन्ही गाड्या ठेवायच्या म्हणजे सोमवारी हा पाय आणि मंगळवारी तो.

कराडचा_संगम
अरे वा, हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी ५९, जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटवरच शिकलो, गियर एक वर तीन खाली, शिवाय टाचेनं न्यूट्रल पाडायचं ते वेगळं लिव्हर. आता घरात डाव्या गियरची पण गाडी आहे. माझा अनुभव असा की रोजच्या चालवण्यात आठवड्याभरात सवय होते, गाडीवर बसलं की अंगाला आपोआप कळतं. फसतो ते दचकल्यावर, कारण दचकल्यावर जुनीच सवय वर येते. मग मी काय केलं, पायाचं सोडलं आणि हाताचं धरलं. दोन्ही गाड्यांत पुढचा ब्रेक उजव्या हातातच आहे. क्लच दोन्हीत डाव्या हातात. जुन्या बुलेटवाल्यांना पुढचा ब्रेक मारायची सवयच नसते कारण त्या ड्रमनं गाडी थांबायची नाही, नुसती विचार करायची. नव्या गाडीला डिस्क आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) आहे, दोन बोटात थांबते. रोज सकाळी मोकळ्या मैदानात वीस-पंचवीस वेळा, आधी हळू, पाय फुटरेस्टवर घट्ट ठेवून, फक्त हातानं थांबायचं. महिनाभर. म्हणजे दचकल्यावर हात आधी गेला पाहिजे, पाय काय करतोय ते नंतर.

फक्त चिखलात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कचकन दाबू नका, तिथं पुढचं चाक आधी निघून जातं. सरळ करायचं, मग दाबायचं.

पाना_पक्कड
सहमत. आणि एबीएसचं पण बघून घ्या. सुट्या खडीवर उतार असेल तर एबीएस चाक धरूच देत नाही, गाडी पुढं पुढं पळते असं वाटतं. म्हणून हिमालयनला मागचं एबीएस बंद करता येतं, एक्सपल्स फोरव्हीच्या २०२३ पासूनच्या मॉडेलला एबीएसचे रोड, ऑफरोड, रॅली असे मोड आहेत. पण तुम्हाला पहिलं वर्ष बंद करायची गरज नाही, चालू राहू दे.

मिरजकर_डॉक्टर
हाडांचा डॉक्टर नाही, जनरल प्रॅक्टिस, वय ६१, स्वतः पण फटफटीवाला. तीन-चार गोष्टी लिहितो, कुणाला घाबरवायला नाही.

गुडघा. तुमच्या गुडघ्याचा आणि किकचा संबंध आहे का नाही हे मी सांगू शकत नाही, पण सीट खाली करण्याचा आणि गुडघ्याचा संबंध मात्र नक्की आहे. आमच्याकडं लोक करतात काय, सीटवाल्याकडं जातात, फोम इंचभर कापून घेतात, पाय टेकतात, खूश. आणि तासाभरानं गुडघा दुखायला लागतो, कारण फुटरेस्ट होतं तिथंच राहिलं आणि सीट खाली आली, म्हणजे गुडघा जास्त दुमडला. थांबताना जे कमावलं ते चालवताना घालवलं. दुखऱ्या गुडघ्याला थोडी उंच सीट आणि अधूनमधून फुटरेस्टवर उभं राहणं हे बरं पडतं. तेव्हा आधी कापू नका, आधी दोन महिने चालवा.

डोळे. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर त्याचा खालचा भाग वाचायचा असतो. कच्च्या रस्त्यावर माणूस नजर खाली टाकतो आणि चाकापुढचे दगड त्याच वाचायच्या भागातनं बघतो, म्हणजे धूसर. लोकांना वाटतं गाडी चुकतेय. गाडी चालवायला लांबचा साधा एकाच नंबरचा चष्मा वेगळा करून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर रात्री समोरच्या दिव्यांचा झोत पसरतो, अशांनी अंधार पडायच्या आत घर.

औषधं. बीपीच्या काही गोळ्यांनी ताडकन उठल्यावर गरगरतं, उन्हातनं पाणी न पिता आलेलं असेल तर जास्तच. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील (अँजिओप्लास्टी झालेल्यांना असतात) तर डोक्याला मार लागल्यावर, वरनं काही दिसत नसलं तरी, दवाखान्यात जायचंच. हेल्मेट होतं म्हणून काही झालं नाही असं घरी बसून ठरवायचं नाही. खिशात एका कागदावर गोळ्यांची नावं आणि रक्तगट लिहून ठेवा.

तासाला एकदा थांबा. तसं आपल्या वयात थांबावंच लागतं म्हणा.

खंबाटकी_उतार
डॉक्टर, शेवटच्या ओळीला मनापासून अनुमोदन. 🙏

हिशोबनीस
पैशाचं बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यावर आला आणि ३५० च्या वरच्यांवर ४० झाला. म्हणजे हिमालयन ४५० आणि बाकीच्या तुमच्या यादीतल्या गाड्या ह्यांच्यातलं अंतर सरकारनंच वाढवून ठेवलंय. केएलएक्स आधी तीन लाखाच्या वर होती, पार्ट इथं बनायला लागल्यावर दोनच्या आसपास आली, नाहीतर ती चर्चेतच नव्हती.

आणि लायसन बघा. पंचावन्नच्या पुढं रिन्यू केलं की पाच-पाच वर्षांचंच मिळतं, त्याला डॉक्टरचं फॉर्म १-ए लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. पुष्कळ जण जुन्या गाडीवर कुणी अडवत नाही म्हणून विसरलेले असतात आणि नवी गाडी घेतल्यावर क्लेमच्या वेळी आठवतं.

जुनी_फटफटी
लायसन मागच्या वर्षीच केलंय. चष्मा मात्र प्रोग्रेसिव्हच आहे डॉक्टरसाहेब! मी म्हणत होतो दगड एवढे गोल गोल का दिसतात.

येवतेश्वरचा_वारा
ओके ओके, मी हिमालयन मागं घेतो 😅 पण मग केटीएम ३९० एंड्युरो आर चा विचार करा ना कुणीतरी, मस्त आहे. आणि काका गाडी आली की आपण एकदा चाळकेवाडीच्या वर जाऊ, पवनचक्क्यांच्या मागं पठारावरचा सडा मोकळाच आहे, काय उडते गाडी तिथं.

सडा_आणि_पाऊस
वारा, हे वाचून शांत राहवेना. सडा मोकळा नसतो. जांभ्यावर चार बोटं माती असते, काही ठिकाणी तेवढी पण नाही, आणि त्यातच सगळी फुलं, गवतं, कंद. एका चाकोरीनं ती माती पावसात वाहून जाते ती परत यायला तुझ्या नातवाचं आयुष्य पुरणार नाही. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशात घेतलं आणि तिथं पहारा बसला म्हणून आता लोक शेजारच्या सड्यांवर गाड्या घालतात. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं तर आत घुसलास तर गुन्हाच. कच्चा रस्ता म्हणजे रस्ता, बैलगाडीचा असला तरी. रस्त्याच्या बाहेर म्हणजे कुणाच्या तरी अंगणात.

येवतेश्वरचा_वारा
बरं बाबा, चुकलं. रस्त्यानंच जाऊ.

पाना_पक्कड
एंड्युरो आर ची सीट ८६० आणि टाकी ९ लिटर, काकांच्या कामाची नाही. सातारा ते गाव आणि परत सव्वाशेच्या आत बसत असेल, पेट्रोल पुरेल, पण थांबल्यावर पाय कुठं ठेवायचे?

यादी कमी करून देतो दादा. व्ही-स्ट्रॉम चांगली गाडी, वहिनींना मागं बसवून महाबळेश्वर करायचं असेल तर ह्या सगळ्यात तीच आरामाची. पण तिला पुढं १९ मागं १७ ची अलॉय चाकं. जांभ्याच्या धारदार दगडावर अलॉय वाकली तर बनवत बसावं लागतं, स्पोकचं चाक वाकडं तिकडं होऊन पण घरी आणतं. उलट साध्या स्पोकला ट्यूब आली, म्हणजे पंक्चर झालं की दोरी घालून दोन मिनिटात निघालं असं होत नाही. चाक काढा, टायर सोडवा, ट्यूब बदला. २१ इंची पुढची एक ट्यूब जवळ ठेवा, अडीनडीला ती मागच्या १८ च्या चाकात पण दाबून बसते आणि गावापर्यंत नेते. उलटं होत नाही.

केएलएक्स वर बसून बघाच, नुसतं बसून. १३९ किलो म्हणजे स्टँडवरनं उचलतानाच हसू येतं. पण ८८० आहे.

जुनी_फटफटी
(आठ दिवसांनी) शोरूम फिरून आलो. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) पोरगं विचारतंय, काका, गाडी मुलाच्या नावानं करायची का? म्हटलं मुलगा बंगळुरात आहे, त्याला गाडीचा गियर कुठं असतो ते पण माहिती नाही. मग टेस्ट राईडला त्यानं लायसन तीनदा बघितलं.

केएलएक्स वर बसलो. म्हणजे चढलो. बसल्यावर बरीच दबते हे खरं, दोन्ही पायांचे अंगठे लागले. उभी करायला, ढकलायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण वळवताना एका बाजूला कलली आणि अंगठ्यावर गाडी सावरेना, पोरानं धरली. हलकी गाडी पण एका ठराविक कोनाच्या पुढं गेली की माणसाची राहत नाही, आणि तो कोन उंच गाडीत लवकर येतो. हे मला घरी बसून कळलं नसतं.

हिमालयनचं बसणं म्हणजे सोफा. दोन्ही पाय बऱ्यापैकी टेकले, मन गेलं तिच्यावर, खोटं कशाला बोलू. पण मी एक केलं, विचारलं ही आडवी करून उचलू देता का. नाही म्हणाले, साहजिक आहे. मग भाच्याच्या मित्राची आहे ती अंगणात गवतावर पोती टाकून आडवी केली. पाठ गाडीला लावून, गुडघ्यात वाकून, हँडल पूर्ण वळवून, पाना नी फोनवर सांगितलं तसं. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा उचलली. तिसऱ्यांदा नाही. आणि ओढ्यात गाडी एकदाच पडेल असं कुणी लिहून दिलंय.

मेढेकरीण
काका हा खरा टेस्ट राईड! बाकी सगळं यूट्यूब.
रविवारी मेढ्याला या, माझी आडवी करून बघा. खरंच सांगतेय, तिला आता ओरखड्यांची सवय आहे.

जुनी_फटफटी
(रविवारी रात्री) ताईंकडं जाऊन आलो. पाच वेळा उचलली, पाचव्यांदा धाप लागली पण उठली. ताईंच्या मिस्टरांनी चहा दिला आणि बाजूला घेऊन हळूच म्हणाले, आमच्याकडं हे रोजचंच आहे.

चालवली पण, केळघरच्या बाजूनं आत. ताकद बुलेटच्या मानानं वेगळीच आहे, खालनं ढकलत नाही, गियर बदलून वर फिरवावी लागते. बुलेट दुसऱ्यात टाकली की विसरायची सवय, हिला सारखं विचारावं लागतं. डांबरावर ८०-८५ च्या पुढं ओढाताण. २१० ला सहा गियर आहेत, २४ पीएसच्या वर ताकद आहे, ती त्या मानानं मोकळी वाटली शोरूमातनं नेली तेव्हा. पण दहा किलो जास्त आणि पैसे पण जास्त. माझा हायवे म्हणजे फार तर कराड.

कराडचा_संगम
मग एक सांगतो, आमच्या ओळखीत २०२३ ची २०० फोरव्ही विकायची आहे, एमएच-५०, अकरा हजार किलोमीटर. पोरगा परदेशी चाललाय. मी स्वतः बघितलीये, पण पाना नी बघावी असं माझं मत.

पाना_पक्कड
येतो की. बघायचं काय ते इथंच लिहितो म्हणजे बाकीच्यांना पण उपयोग. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवायचं, मधोमध खाचेत बसल्यासारखं अडखळलं तर कोन सेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेला. चाक फिरवून रिम वर-खाली नाचतेय का बघायचं, स्पोक एकेक पान्यानं वाजवायचे, जो ठप्प वाजतो तो सैल. चेन-स्प्रॉकेटचे दात शार्कसारखे वाकले असतील तर तेवढे पैसे कमी करायचे. पोटाखालची प्लेट बघायची, तिच्यावर मार नसेल तर गाडी कच्च्यावर गेलीच नाही, फार असेल तर फक्त तिथंच गेली. आरसीवर कर्जाचा शेरा आहे का, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सही आधी, पैसे नंतर.

जुनी_फटफटी
(तीन आठवड्यांनी) घेतली. पाना सांगलीहून आला, कोन सेट बदलायला लागेल म्हणाला, तेवढे पैसे कमी झाले. सीटला हात लावलेला नाही, डॉक्टरांचं ऐकलं. मागच्या शॉकचं प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) सगळ्यात सैल केलंय, माझ्या वजनाला चालतं, तेवढ्यानंच बोटभर खाली आली. चष्मा वेगळा करून घेतला आणि दगड दगडासारखे दिसायला लागले.

ब्रेकचा सराव रोज सकाळी. वीस वेळा. आमच्या गल्लीतली पोरं मोजतात. उजव्या हँडलला लाल रिबन बांधलीये, सौ. च्या शिवणाच्या डब्यातली, म्हणजे नजर तिथं जाते. बुलेट आठवड्यातनं एकदा राजवाड्यापर्यंत, ठरवून, नुसत्या भाजीला. दोन्ही एका दिवशी चालवत नाही, हा नियम मीच केलाय.

काल गावाला गेलो. दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडं थांबलो, उतरलो, आधी पायी चालत जाऊन खोली बघून आलो, मग काढली. पडली नाही. परत येताना पहिल्या ओढ्यात पडली. जिथं कधीच पडत नाही तिथं. उचलली. एकट्यानं. मोबाईल खिशात होता, कोरडा. गुरांचं ते पोरगं लांब बांधावर उभं राहून बघत होतं, आलं नाही. मी हात केला, त्यानं पण केला.

आता एकच राहिलं. येताना गावाकडनं तांदळाचं अर्धं पोतं आणायचं असतं. मागं कॅरिअर कसलं बसवावं? आणि मेढेकरीण ताई, उंच सामान नको म्हणालात ते लक्षात आहे.

मेढेकरीण
सामान उंच नको, रुंद करा. मागच्या सीटवर आडवं, दोन कप्प्यांची मऊ सॅडल बॅग, दोन्ही बाजूला सारखं वजन. अर्धं पोतं म्हणजे पंचवीस किलो, बारा-बारा टाका. सायलेन्सरच्या बाजूची बॅग लोंबू देऊ नका, माझी एक जळलीये.

पाना_पक्कड
आणि तांदूळ घेऊन येताना ते प्रीलोड परत दोन खाच आवळा, नाहीतर पोट खाली लागेल. उतरवल्यावर सैल करायला विसरू नका.

येवतेश्वरचा_वारा
काका पुढच्या वेळी मी येतो मागं मागं. तांदूळ माझ्या गाडीवर टाका. रस्त्यानंच येईन, सडा दादांना सांगा.

सडा_आणि_पाऊस
ऐकलं. 🙂

जुनी_फटफटी
ये की. शनिवारी सकाळी सहाला पोवई नाका. सव्वासहाला नाही, सहाला.